गाडी माझी, पण ॲपमध्ये अजून दुसऱ्याचीच

प्रश्न: तीन महिन्यांपूर्वी आम्ही चार वर्षं वापरलेली गाडी घेतली. इंजिन, टायर, बॉडी सगळं उत्तम आहे, पण आतल्या इलेक्ट्रॉनिक्सने जीव नकोसा केलाय. कंपनीचं ॲप फोनवर घेतलं तर 'ही गाडी आधीच दुसऱ्या खात्याला जोडलेली आहे' असं येतं. म्हणजे आधीच्या मालकांना आमची गाडी अजून दिसते का? परवा दुपारी गाडी नुसती उभी असताना आपोआप एसी सुरू झाला, तेव्हापासून पोटात गोळा आहे. स्क्रीनवर त्यांच्या घरचा पत्ता आणि त्यांच्या फोनमधली नावं तशीच आहेत. दुसरं, दोन आठवडे बाहेरगावी गेलो तर बॅटरी पार उतरली. तिसरं, स्क्रीन मध्येच काळी होते आणि पुन्हा चालू होते. त्यात 'कनेक्टेड सेवांची मुदत संपत आली' हा संदेश रोजचा. मिस्टर म्हणतात, हे सगळं बंद करून टाक, आपल्याला गाडी चालवायची आहे. मला वाटतं पैसे भरावेत, कारण मुलगी रात्री उशिरा एकटी गाडी घेऊन येते, ती कुठे आहे ते मला फोनवर दिसेल. तिला हे अजून सांगितलेलं नाही. काय करू?

प्रिय ताई,

तुमची शंका बरोबर आहे. गाडी दुसऱ्या खात्याला जोडलेली आहे असं ॲप सांगत असेल, तर ते खातं ज्यांचं आहे त्यांना तुमची गाडी कुठे उभी आहे हे बहुधा अजूनही दिसतंय. मॉडेलप्रमाणे दारं उघडणं-लावणं, हॉर्न वाजवणं, एसी सुरू करणं हेही त्यांना करता येत असेल. एसी सुरू झाला त्यामागे कुणाचा वाईट हेतू असेलच असं नाही. ठरावीक वेळी गाडी थंड करण्याचा टायमर त्यांनी कधीकाळी लावला असेल आणि तो अजून चालू असेल. किंवा ॲपमध्ये त्यांची नवी आणि तुमची अशा दोन्ही गाड्या असतील आणि बोट चुकीच्या गाडीवर पडलं असेल. कारण काहीही असो, तुमच्या गाडीत दुसऱ्या कुणाला दुरून काही करता येतं ही गोष्ट आजच्या आज थांबवायची. बॅटरी, स्क्रीन आणि पैसे भरण्याचा विषय त्यानंतर घेऊ.

जुनी गाडी घेताना आपण कागदपत्रं नावावर करून घेतो आणि दोन्ही चाव्या हातात घेतो. अशा गाड्यांना कंपनीच्या सर्व्हरवरचं खातं ही तिसरी चावी असते. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून विकणाऱ्याच्या लक्षात येत नाही आणि घेणाराही मागत नाही.

हे चालतं कसं ते थोडं समजून घ्या, म्हणजे पुढे काय करायचं ते आपोआप कळेल. गाडीत एक छोटा मोडेम बसवलेला असतो आणि त्यात गाडीचं स्वतःचं सिम असतं. तुम्ही ॲपवर 'लॉक' दाबता तेव्हा फोन गाडीशी थेट बोलत नाही. ॲप कंपनीच्या सर्व्हरला कळवतं, सर्व्हर मोडेमला आणि मोडेम दाराच्या यंत्रणेला. कुणाचं ऐकायचं हे सर्व्हर ठरवतो, आणि तुमच्या चासी नंबरापुढे ज्याचं खातं नोंदलेलं असेल त्याचंच तो ऐकतो. म्हणून नुसतं स्क्रीनच्या सेटिंगमध्ये जाऊन फॅक्टरी रीसेट केलं की झालं, असं समजू नका. काही मॉडेलमध्ये त्याने खातंही सुटतं. पण अनेक गाड्यांत स्क्रीन कोरी होते आणि सर्व्हरवरचं जुनं नाव जागच्या जागी राहतं. आयबीएममधले सुरक्षातज्ज्ञ चार्ल्स हेंडरसन यांनी २०१७ साली आपलाच असा अनुभव जाहीरपणे मांडला होता. जुनी गाडी देताना त्यांनी तिच्यातली आपली माहिती नीट पुसली होती, तरी त्यानंतर काही वर्षं ती गाडी त्यांच्या ॲपमध्ये दिसत राहिली आणि तिला हुकूमही देता येत होते. ज्याचा हा रोजचा विषय, त्याच्याही गाडीचा दुवा राहून गेला, तिथे तुमच्या आधीच्या मालकांना दोष द्यायला नको.

तेव्हा आधी त्यांना सरळ फोन करा. 'तुमच्या ॲपमध्ये आमची गाडी अजून दिसतेय, तेवढी काढून टाका आणि काढल्यावर मला सांगा,' एवढंच बोलायचं. बहुतेक लोक ओशाळतात आणि लगेच काढतात. पण त्यांच्या शब्दावर थांबू नका. त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहक सेवेला चासी नंबर आणि मालकीची कागदपत्रं पाठवा आणि लिहून कळवा की गाडीचा मालक बदलला आहे, या नंबरावरची आधीची सगळी खाती, पाहुणे म्हणून जोडलेली खाती आणि डिजिटल चाव्या काढून टाका आणि काढल्याचं लेखी कळवा. शोरूममधला माणूस 'आपोआप होईल' म्हणेल. आपोआप होत नाही, म्हणून तर तुम्हाला हे पत्र लिहावं लागलं.

खातं सुटल्याची खात्री झाल्यावर गाडीतलं फॅक्टरी रीसेट करा आणि मग स्वतःच्या नावाने नोंदणी करा. नोंदणीत 'मुख्य वापरकर्ता' कोण असं विचारतील, तिथे तुमचं किंवा मिस्टरांचं नाव आणि घरचाच ईमेल द्या. सेल्समनने 'मी करून देतो' म्हणत आपल्या फोनवरून खातं उघडून देण्याची रीत आहे, ती मान्य करू नका. एसीचे, चार्जिंगचे जुने टायमर राहिलेत का तेही बघा. सर्व्हिस सेंटरला गेलात की आणखी एक काम करून घ्या. गाडीच्या मेमरीत किती चाव्या नोंदलेल्या आहेत ते त्यांच्या मशीनवर दिसतं. तुमच्याकडे दोन आणि मशीनवर तीन दिसल्या, तर तिसरी तिथेच पुसून घ्यायची.

हे सगळं व्हायला काही दिवस लागतील. तोवर स्क्रीनच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी', 'डेटा शेअरिंग' किंवा 'कनेक्टेड सेवा' अशा नावाखाली ठिकाण पाठवणं बंद करण्याची सोय आहे का बघा. बऱ्याच गाड्यांत असते. फक्त ती बंद केल्याने अपघातात मदत मागणारं एसओएस बटणही बंद पडतं का, हे मॅन्युअलमध्ये वाचून घ्या.

ही भीती तुमच्या एकटीची आहे असं वाटून घेऊ नका. वेगळ्या झालेल्या जोडीदाराने ॲपमधून गाडीचा माग काढायचा, अशा तक्रारी अमेरिकेत पुढे आल्यावर कॅलिफोर्नियाने २०२४ साली त्यावर कायदाच केला. अडचणीत सापडलेल्या माणसाने मागणी केली की कंपनीने दुसऱ्याचा दुरून असलेला ताबा तोडून द्यायचा, असं त्यात आहे. जिथे असा कायदा नाही तिथेही लेखी मागणीला वजन असतं.

आता त्यांचा पत्ता आणि त्यांच्या फोनमधली नावं. ती वाचत बसू नका, पुसून टाका. फोन ब्लूटूथने जोडताना 'संपर्क यादी घेऊ का' असं गाडी विचारते आणि आपण घाईत हो म्हणतो. मग घरच्यांची, डॉक्टरांची, ऑफिसातल्यांची नावं गाडीच्या मेमरीत उतरतात. नकाशात 'घर' म्हणून नोंदवलेलं ठिकाण, शेवटची शोधलेली ठिकाणं, काही गाड्यांत तर गॅरेजचं दार उघडणारा कोडही असतो. उद्या तुम्ही ही गाडी विकाल किंवा ती चार दिवस गॅरेजला द्याल तेव्हा तुमचंही हेच होणार आहे. भाड्याच्या गाडीत मी स्वतः फोन कधीच जोडत नाही. चार्ज करायचा असला तरी गाडीच्या यूएसबीत न लावता बारा व्होल्टच्या सॉकेटमध्ये चार्जर घालून लावते.

यावरून मुलीकडे येते. ताई, परक्या माणसाला आपली गाडी दिसते या विचाराने तुमच्या पोटात गोळा आला. मुलीला न सांगता तिचं ठिकाण बघायला लागलात तर तिला ते कधीतरी कळेलच. अनेक गाड्यांत ठिकाण पाठवलं जात असताना स्क्रीनवर खूण दिसते, आणि आजची मुलं ती ओळखतात. तुमची काळजी खरी आहे, ती लपवायची गरज नाही. तिला सांगा, की मला झोप लागत नाही, तू निघालीस की फोनवरून ठिकाण शेअर कर आणि पोचलीस की बंद कर. सुरू करायचं आणि बंद करायचं बटण तिच्या हातात राहू द्या. यासाठी गाडीच्या पॅकेजचे पैसेही लागत नाहीत, तिच्या फोनमध्ये ही सोय आहेच. आणि गाडी वाटेत बंद पडली, ती टॅक्सीने किंवा मैत्रिणीबरोबर यायला लागली, तर गाडीचं ॲप तुम्हाला गाडी दाखवेल, मुलगी दाखवणार नाही. वेग मर्यादेबाहेर गेला की आईला सूचना जाते, असली सोय तुमच्या ॲपमध्ये असेल तर तीही तिला विचारल्याशिवाय लावू नका. नव्याने शिकणाऱ्या मुलासाठी, दोघांनी ठरवून, काही महिन्यांपुरती ती ठीक आहे. नोकरी करणाऱ्या मुलीवर लावली तर घरात फक्त भांडण येईल.

तुमच्या गाडीचं ठिकाण आधीच्या मालकांशिवाय आणखी एका ठिकाणी जातं, खुद्द कंपनीकडे. मोझिला फाउंडेशनने २०२३ मध्ये गाड्यांच्या २५ ब्रँडची गोपनीयता धोरणं तपासली. त्यांच्या कसोटीवर एकही उतरला नाही. जनरल मोटर्सवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये कारवाई जाहीर केली. गाडीचं नेमकं ठिकाण, काही वेळा तर दर तीन सेकंदांनी, आणि जोरात ब्रेक मारणं, रात्री उशिरा चालवणं अशी माहिती मालकांची नीट संमती न घेता गोळा केली आणि विकली, असा आरोप होता. विकत घेणाऱ्या संस्थांचे अहवाल विमा कंपन्यांकडे जात होते आणि लोकांचे हप्ते त्यावरून ठरत होते. पाच वर्षं ही माहिती अशा संस्थांना द्यायला कंपनीला मनाई झाली. माहिती विकली नाही तरी ती सांडू शकते. २०२४ च्या अखेरीस फोक्सवॅगन समूहाच्या कॅरियाड या सॉफ्टवेअर कंपनीकडे साठवलेली सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती इंटरनेटवर उघडी पडल्याचं बाहेर आलं. त्यातल्या बऱ्याच गाड्या कधी कुठे उभ्या होत्या हेही त्यात होतं.

म्हणून स्वतःचं खातं उघडाल तेव्हा सगळ्या चौकोनांत खुणा करत पुढे जाऊ नका. नकाशा आणि चोरी शोधण्यासाठी ठिकाण द्यावं लागेल, ते द्या. 'ड्रायव्हिंग स्कोअर', 'सुरक्षित चालकांना बक्षीस', 'भागीदार कंपन्यांच्या सवलती', 'उत्पादन सुधारण्यासाठी माहिती' असं जिथे असेल तिथे नाही म्हणा. नाही म्हटल्याने गाडीचं काही अडत नाही. विमा कंपनीने ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे मेकॅनिक मशीन लावतो त्या डॅशबोर्डखालच्या खाचेत, लावायला डबी दिली असेल तर तिच्याबद्दलही हाच विचार करा.

आता बॅटरी, आणि इथे थोडा हिशेब करावा लागेल. गाडी बंद करून लॉक केली तरी आतले सगळे कंट्रोल युनिट, म्हणजे छोटे संगणक, लगेच झोपत नाहीत. हळूहळू एकेक झोपतं आणि मग घड्याळ, अलार्म, चावीची वाट बघणारा रिसीव्हर आणि मोडेम एवढ्यांपुरता थोडा करंट चालू राहतो. निरोगी गाडीत तो साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असतो. तुमची बॅटरी ६० अँपिअर-तासांची धरली तर दिवसाला सव्वा अँपिअर-तास जातात, म्हणजे दोन आठवड्यांत सतराच्या आसपास. चांगली बॅटरी एवढ्यावर उतरत नाही. पण कुणी डॅशकॅम बसवून 'पार्किंग मोड' चालू ठेवला असेल आणि तो पाव अँपिअर खात असेल, तर रोजचे सहा अँपिअर-तास गेले. दहाव्या दिवशी बॅटरी रिकामी.

तेव्हा आधी बघा, की आधीच्या मालकांनी काय काय जोडून ठेवलंय. मागच्या काचेजवळ, डॅशबोर्डखाली, फ्यूजबॉक्समधून एखादी जादाची वायर निघते का? जीपीएस ट्रॅकर, अँप्लिफायर, डॅशकॅम, ओबीडीतली डबी यांपैकी काही निघालं तर ते काढून आठवडाभर बघा. जुना ट्रॅकर सापडला तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचंही थोडं उत्तर मिळेल. गाडीची चावी गाडीजवळच्याच भिंतीला अडकवलेली असते का? काही गाड्या जवळ चावी आहे असं समजून पुन्हा पुन्हा जाग्या होतात. चावी घराच्या आतल्या बाजूला ठेवल्याने चोरीचा धोकाही कमी होतो. बिनचावीच्या गाड्या चोरणारे दाराबाहेर एक यंत्र धरून चावीचा सिग्नल पकडतात आणि गाडीजवळच्या साथीदाराच्या यंत्राकडे पाठवतात. गाडीला वाटतं मालक आला. आणि हो, बाहेरगावी असताना 'गाडी ठीक आहे ना' म्हणून ॲप सारखं उघडू नका. ताजी माहिती मागवली की दरवेळी मोडेम आणि त्याच्याबरोबरचे युनिट जागे होतात.

एवढ्यानेही फरक पडला नाही तर वायरिंगचा चांगला माणूस गाठा. तो काम कसं करतो त्यावरून त्याची पारख होते. जाणकार माणूस बॉनेट उघडून त्याचं लॅच स्क्रू-ड्रायव्हरने बंद करतो, म्हणजे गाडीला बॉनेट लागलंय असं वाटतं. दाराचंही तसंच करतो. बॅटरीच्या निगेटिव्ह केबलला क्लॅम्प मीटर लावतो, गाडी लॉक करतो, चावी लांब नेऊन ठेवतो आणि बाजूला बसून राहतो. मीटरवर आधी काही अँपिअर दिसतात, मग आकडा पायऱ्या उतरल्यासारखा खाली येतो. कधी वीस मिनिटं लागतात, कधी तासभर. आकडा जिथे अडकतो तिथून तो शोध सुरू करतो. फ्यूज उपटून काढला तर झोपलेलं युनिट जागं होऊ शकतं, म्हणून तो फ्यूजच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजत जातो आणि कुठल्या वाटेने करंट वाहतोय ते काढतो. जो माणूस आल्या आल्या मीटर लावून दोन मिनिटांत 'बॅटरी बदला' म्हणतो, त्याने काहीच तपासलेलं नसतं.

बॅटरी खरंच गेलेली असूही शकते. चार वर्षांची गाडी, बॅटरी बहुधा मूळचीच. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्म्यावर आलीय. पूर्ण उतरलेली बॅटरी पुन्हा चार्ज झाली तरी पहिल्यासारखी राहत नाही, त्यामुळे लोड टेस्ट, म्हणजे बॅटरीवर भार टाकून केलेली तपासणी, करून घ्या. बदलायची झाल्यास, सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिला एजीएम किंवा ईएफबी जातीचीच बॅटरी लागते, साधी टिकणार नाही. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवल्याचं मशीन लावून गाडीला कळवावंही लागतं, नाहीतर ती जुन्या बॅटरीच्या हिशेबानेच चार्ज करत राहते. दुकानदाराला हे आधीच विचारा. तुमची गाडी इलेक्ट्रिक असली तरी यातलं बरंच लागू आहे, कारण तिच्यातही स्क्रीन आणि दारांसाठी वेगळी बारा व्होल्टची बॅटरी असते.

बॅटरी अशक्त असली की स्क्रीनही अशीच काळी होते, म्हणून स्क्रीनवर खर्च बॅटरीचा निकाल लागल्यानंतर. त्याआधी फुकटचे उपाय करा. पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून स्क्रीन रीस्टार्ट करा, यूएसबीत अडकून राहिलेला जुना पेनड्राइव्ह काढा, फोनची केबल बदला, आणि सॉफ्टवेअरचं अपडेट आलेलं असेल तर घ्या. अपडेट घेताना गाडी सपाट जागी उभी असावी, कुठे जायची घाई नसावी, कारण मध्ये तोडलं तर दुखणं वाढतं. यानंतरही स्क्रीन काळी होत राहिली तर होत असतानाचा व्हिडिओ काढून सर्व्हिस सेंटरला दाखवा. मागचा कॅमेराही त्याच स्क्रीनवर दिसत असेल तर हा सुरक्षेचा दोष आहे असं तक्रारीत स्पष्ट लिहा. टेस्लाच्या सुमारे १ लाख ३५ हजार मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्या २०२१ मध्ये याच कारणाने परत बोलवाव्या लागल्या. स्क्रीनच्या ८ जीबीच्या मेमरी चिपवर सतत लिहिलं जाऊन ती झिजत होती आणि स्क्रीन गेली की मागचा कॅमेराही जात होता. तुमच्या चासी नंबरावर असा रिकॉल निघालाय का, हे कंपनीच्या साइटवर दोन मिनिटांत कळतं. जुन्या गाडीच्या नव्या मालकाला रिकॉलचं पत्र येईलच असं नाही, ते आधीच्या पत्त्यावर जाऊ शकतं. स्क्रीनच्या दुखण्यात तुमचा हात असेलच असंही नाही. २०२२ मध्ये सिॲटलच्या एका रेडिओ केंद्राने प्रसारणाबरोबर पाठवलेल्या चित्रांच्या फाइलनावात शेवटची अक्षरं राहून गेली, आणि ते केंद्र ऐकणाऱ्या २०१४ ते २०१७ च्या माझदा गाड्यांच्या स्क्रीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत त्याच केंद्रावर अडकून बसल्या.

आता पैसे भरायचे का? मुदत संपत आलीय ना? मग संपू द्या. संपल्यावर महिनाभर गाडी तशीच चालवा आणि खरोखर कशाची उणीव भासते ते लिहून ठेवा. नकाशा आणि गाणी फोनवरून येतातच. माझ्या मते पैसे देण्यासारख्या गोष्टी दोनच, अपघात झाल्यावर आपोआप मदत मागणारी सेवा आणि चोरीनंतर गाडी शोधणारी सेवा. एसओएस बटण पैसे न भरताही चालू राहतं का, हे आधी विचारा. काही ठिकाणी ते कायद्यानेच मोफत असतं. युरोपीय संघात ३१ मार्च २०१८ पासून नव्या मॉडेलमध्ये अपघातानंतर आपोआप फोन लावणारी ई-कॉल यंत्रणा सक्तीची आहे. तिसरा प्रश्न असा विचारा, की या गाडीचा मोडेम कुठल्या नेटवर्कवर चालतो आणि ते किती वर्षं राहणार आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी बंद झालं तेव्हा अनेक गाड्यांच्या कनेक्टेड सेवा कायमच्या गेल्या, अपघाताची सूचना देणारीसुद्धा. गाड्या धडधाकट होत्या. म्हणून वर्षाचे भरा, पाच वर्षांचे एकदम भरू नका.

मिस्टरांचं म्हणणं मला अर्धं पटतं. गाडी चालवताना लागणारं काहीही स्क्रीनच्या पोटात शोधावं लागू नये, हे त्यांचं बरोबरच आहे. गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणारी युरो एनकॅप ही संस्थाही २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड लाइट, हॉर्न, वायपर आणि एसओएस यांना खरी बटणं असतील तरच पूर्ण गुण देते. तेव्हा समोरच्या काचेवरचं बाष्प घालवणं, एसीचं तापमान, आवाज, हे स्टेअरिंगवरच्या बटणांवर किंवा आवाजी आज्ञेवर आणून ठेवा आणि निघण्याआधी नकाशा लावा.

पण 'सगळं बंद' हे जमणार नाही. बॉश कंपनीने १९८६ मध्ये कॅन बस ही जोडणी मांडली आणि पुढे गाडीतले बरेच युनिट सामाईक तारांच्या जोड्यांवरून एकमेकांशी बोलायला लागले. ब्रेकचा एबीएस, एअरबॅग, दारं, स्क्रीन सगळे त्यावर कमी-जास्त अवलंबून आहेत. रागाने मोडेमचा फ्यूज काढला तर कुठल्या गाडीत मायक्रोफोन बंद पडतो, कुठल्या गाडीत एअरबॅगचा दिवा लागतो. अपडेटही बंद करू नका. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि क्रिस व्हॅलासेक यांनी दूर घरात बसून रस्त्यावरच्या जीप चेरोकीच्या इंजिनाची ताकद चाकांपर्यंत जाणं बंद पाडून दाखवलं आणि १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ते भोक सॉफ्टवेअरच्या अपडेटनेच बुजवलं गेलं. लेन सांभाळणारी, आपोआप ब्रेक लावणारी मदत चालू ठेवा, फक्त पुढची काच बदलली तर तिच्यामागचा कॅमेरा पुन्हा जुळवून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

मिस्टरांच्या मनातली खरी भीती मला अशी वाटते, की ऐन वेळी ही विजेची गाडाभर यंत्रणा दगा देईल आणि आपण बाहेर उभे राहू. त्याचा उपाय आहे. रिमोटच्या कडेला एक छोटी कळ असते, ती सरकवली की आतली धातूची पाती निघते. ड्रायव्हरच्या दाराच्या मुठीत, कधी प्लास्टिकच्या टोपणाखाली, तिच्यासाठी भोक असतं. तिने दार उघडल्यावर काही गाड्यांत अलार्म वाजतो, गाडी सुरू झाली की थांबतो. रिमोटचा सेल मेला असला तरी गाडी सुरू होते, रिमोट स्टार्ट बटणाला टेकवून धरायचा किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या खाचेत ठेवायचा. हे तुम्ही तिघांनी एकदा दिवसाउजेडी करून बघा, मुलीने तर नक्कीच. आणि बॅटरी पूर्ण उतरली की पातीने फक्त दार उघडतं, बॉनेट आतल्या खटक्याने उघडतं, पण विजेवर चालणारी डिकी अनेक गाड्यांत उघडत नाही. म्हणून जम्पर केबल डिकीत असतील तर आजच काढून पुढच्या सीटखाली ठेवा.